भिंगाच्या दोन बोटं खाली

कॅमेरा घरात आला त्या दिवशी नवऱ्याला जेवढा आनंद झाला, तेवढीच मला धास्ती वाटली. ते बदनापूरला सरकारी फार्मवर कारकून होते. तिथल्या एका साहेबाची बदली झाली आणि सामान आवरताना त्यानं आपला जुना कॅमेरा यांना देऊन टाकला. बाहत्तरचा दुष्काळ सरून दुसरं वर्ष लागलं होतं. आमच्या लग्नालाही तेवढेच दिवस झालेले, आणि तेवढ्या दिवसांत मी घरातल्या प्रत्येकापासून एक गोष्ट लपवून ठेवली होती. मला नीट ऐकू येत नव्हतं.

अगदीच ठार बहिरी नव्हते मी. ढोल ऐकू यायचा, ट्रकचा भोंगा ऐकू यायचा. माणसाचं बोलणं मात्र तो जवळ असला आणि त्याचे ओठ दिसले तरच कळायचं. लहानपणी दोन्ही कान फुटले, वर्षभर वाहिले, आणि वाहायचे थांबले तेव्हा ऐकायचेही थांबले. माझं माहेर शहागडकडचं. आईनं घरच्या घरी मला एकच विद्या शिकवली: "तोंडाकडं बघत जा. न्हाईच कळलं तर हस आन् मान हलव." या विद्येवर मी मॅट्रिक झाले.

बघायला आले तेव्हा त्यांनी मला चालायला लावलं, केस सोडायला लावले, सुपात गहू देऊन निवडायला लावले. प्रश्न विचारले ते मी ओठांवरून टिपले. एखादा निसटला तर शेजारी बसलेली मावशी मला कोपरानं ढोसून म्हणायची, "सांग की गं, लाजती काय एवढी?" जाताना पाहुणे खूश होते. पोरगी फार गुणाची, नजर वर करून बघत नाही म्हणाले. माझी नजर त्यांच्या मिश्यांखाली अडकली होती हे कुणाला कळणार?

पण हे कळलं असतं तर माझी रवानगी सरळ माहेरी झाली असती. फसवून गळ्यात बांधली, असं पंचक्रोशीत झालं असतं आणि पाठच्या दोघी बहिणींना कुणी विचारलंही नसतं. आईनं निघताना एवढंच सांगितलं होतं, "तुज्या कानावर तिघींचं नशीब हाय." असली वाटखर्ची घेऊन मी सासरी आले.

घरात सासू होती. तिला मी आत्याबाई म्हणायची. उभा जन्म तिनं मेंढरांमागं काढलेला, दुष्काळात ती विकावी लागली, आता दोन शेळ्या उरल्या होत्या. पण आवाज मात्र मेंढरं हाकायचाच राहिला होता, या टेकडीवरून त्या टेकडीवर जाणारा. गाव म्हणायचं, म्हातारीनं बदनापुरात हाक मारली तर गाडी जालन्यात थांबते. त्या आवाजाला ओ न देणारी सून ही एक तर मेलेली असणार नाही तर माजलेली. त्यात दातांखाली कायम तंबाखू आणि तोंडावर पदर, त्यामुळे तिचे ओठ मला कधी नीट दिसलेच नाहीत. "मॅट्रिकचा माज हाय," ती शेजारणींना सांगायची. "ऐकून न ऐकल्यावानी करती." हे मला शेजारणींच्या ओठांवरून कळायचं. मी ते मुकाट्यानं घेतलं. माजोरडी म्हणवून घेतलेलं परवडतं, माजोरडीला माहेरी पाठवत नाहीत.

असा सगळा मामला, आणि त्यात हा कॅमेरा.

जुन्या जालन्यात कापड बाजाराच्या मागच्या बोळात एक स्टुडिओ होता. बाजाराच्या दिवशी ते रेल्वेनं जालन्याला जायचे, रोल धुवायला टाकायचे आणि पुढच्या खेपेला फोटोंबरोबर स्टुडिओवाल्याचा उपदेश घेऊन यायचे. त्या माणसाला मी कधीच पाहिलं नाही. पण तो मला पाहत होता, भिंग लावून पाहत होता, आणि माझ्या तोंडावर काय चुकलं ते माझ्या नवऱ्याला सांगत होता. मला त्याचा भयंकर राग यायचा.

पहिल्या रोलमध्ये माझ्या डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे होते. भर दुपारी अंगणात उभं केलं होतं मला. "तो म्हणला, डोक्यावरचं ऊन म्हंजी चेहऱ्याचा दुश्मन. सकाळी दारात बसवा, उजाला बाजूनं येऊ द्या." मग सकाळी दारात. दुसऱ्या रोलला अर्धं तोंड उजळ, अर्धं अंधारात. तो म्हणाला, अंधारल्या बाजूला पांढरं कापड धरा. मग दोरीवर सासऱ्यांचं जुनं धोतर टांगलं गेलं. फोटो खरंच सुधारत होते. नाकाला नाक आलं, गालाला गोलाई आली, केसांतला एकेक पदर दिसायला लागला. शेजारपाजारचे फोटो मागायला येऊ लागले आणि आत्याबाईंनीसुद्धा शेळीला घेऊन एक काढून घेतला. त्यात शेळी जास्त खूश दिसत होती.

तिसऱ्या खेपेला स्टुडिओवाल्यानं जवळून फोटो काढायची एक गोल काच दिली. ती कॅमेऱ्याच्या तोंडावर बसवली की ठरावीक अंतरावरचंच नीट दिसायचं. म्हणून यांनी कॅमेऱ्याला गाठ मारलेली दोरी बांधली. गाठ माझ्या कपाळाला टेकवायची, दोरी ताणायची, सोडायची आणि फोटो काढायचा. सकाळी सकाळी आपला लेक बायकोच्या कपाळाला दोरी लावतोय, हे बघून आत्याबाईंना माझ्यावर आणखी एक संशय आला. या पोरीनं काहीतरी करणी केली, असं त्या शेजारणीला म्हणाल्या.

जवळचे फोटो आले. यांनी ते दिव्याखाली मांडले. "तो म्हणला, सगळं बराबर हाय, पण नजर भिंगात न्हाई. दोन बोटं खाली हाय. पयल्या रोलपासून सगळ्या फोटोत खाली हाय."

होतीच. कॅमेरा यांच्या डोळ्याला, त्याच्याखाली दोन बोटांवर यांचं तोंड. हनुवटी वर कर, मान इकडं घे, हे त्या तोंडातून येणार. मी तिथं बघणार नाही तर कुठं बघणार? लांबून काढलेल्या फोटोत ते खपून गेलं. जवळच्या फोटोत माझी चोरी अशी ठसठशीत छापून आली होती.

"तुझ्या मनात हाय तरी काय?" नवऱ्यानं विचारलं. "मी समोर असून नजर का चोरतीस?"

नजर चोरते, असं नवऱ्यानं बायकोला म्हणणं म्हणजे काय, हे मला सांगायला नको होतं. मी चिडले. "त्या स्टुडिओवाल्याला म्हणावं, दुसऱ्याच्या बायकोचे डोळे कुठं आहेत ते मोजत बसू नकोस." त्या रात्री आम्ही दोघंही उपाशी झोपलो.

तेव्हापासून मला वेगळाच संशय यायला लागला. स्टुडिओवाल्याच्या ध्यानात आलं असेल का? रोज शंभर तोंडं बघणारा माणूस. बाईला ऐकू येत नाही बहुतेक, असं त्यानं यांच्या कानात घातलं असेल, आणि आता हे फोटोच्या निमित्तानं माझी परीक्षा घेत असतील. एकदा डोक्यात किडा शिरला की त्याला प्रत्येक गोष्ट खाद्य पुरवते. हे माझ्याकडे पाठ करून का बोलले? मिशी का वाढवतात? मी सगळ्याचा हिशेब लावत बसायची.

एका सकाळी तर खात्रीच होत आली. मी ठरवून भिंगात बघत बसले होते. खाली यांचे ओठ हलल्याचा अंदाज आला, म्हणून मी हनुवटी वर केली. यांनी कॅमेरा खाली घेतला आणि माझ्याकडे बघत राहिले.

"मी विचारलं, जालन्याहून साखर आणायची का. आन् तू हनुवटी वर केली."

"फोटो काढताना साखर कशाला विचारता?" मी उसळून म्हणाले. "एक तर फोटो काढा, नाही तर वाणसामान आणा."

ते हसले. पण नुसतं हसणं नव्हतं ते, असं मला वाटलं. साखर खरंच संपली होती की नव्हती हे बघायला मी आत जाऊन डबा उघडला. तळाला होती थोडी, म्हणजे त्यातूनही काही ठरलं नाही.

मग मी निर्धार केला. काय व्हायचं ते होऊ दे, आता एक फोटो असा द्यायचा की त्या जालन्याच्या माणसाचं तोंड बंद झालं पाहिजे. दोन दिवसांनी हे पुन्हा कॅमेरा घेऊन बसले तेव्हा मी सांगितलं, काय सांगायचं ते आधी सांगा, मग मधेच बोलू नका. दोरी कपाळाला लागली, सुटली. मी भिंगात बघितलं. त्या काळ्या गोलाशिवाय मला दुसरं काही दिसत नव्हतं, काही ऐकू येत नव्हतं. खरं सांगायचं तर फार शांत वाटत होतं. लग्न झाल्यापासून मी पहिल्यांदाच कुणाच्या तोंडाकडे लक्ष न ठेवता बसले होते.

खटका दाबला गेला. मग यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली, म्हणून मी वळले. आत्याबाई दारामागच्या अंगणात रागानं लाल होऊन उभ्या होत्या. वाळत घातलेल्या कुरडयांवर शेळी चढली होती आणि निम्म्या कुरडया तिच्या पोटात गेल्या होत्या.

"कवाची वरडून राह्यले!" त्या जवळ आल्या तेव्हा मला कळलं, रागाच्या भरात तोंडावरचा पदर घसरला होता. "नवरा पुढं बसला म्हंजी सासू मेली व्हय?"

"लक्ष नव्हतं," मी म्हणाले. हे माझं नेहमीचं उत्तर होतं. यांनी आईची हाक ऐकली होती, तरी आधी खटका दाबला. एवढा एक फोटो हातचा जाऊ नये म्हणून, असं ते म्हणाले. त्याच वेळी का दाबला, याचा मी पुढं बरीच वर्षं विचार केला.

रोल धुवून आला त्या संध्याकाळी ते गाडीतून उतरून जवळजवळ पळतच घरी आले. "तो म्हणला, आता जमलं! नजर अगदी जागेवर. फकस्त मागची म्हातारी कापा, फोटो मोठा करून देतो."

फोटो माझ्या हातात आला. डोळे स्वच्छ, पापणीचा केस न् केस दिसत होता. चेहरा झोपलेल्या लेकरासारखा निवांत. आणि खांद्यामागं चार हातांवर आत्याबाई, जरा धुरकट, पण ओळखू येण्याइतक्या. दोन्ही हात तोंडाशी धरलेले, मान ताणलेली, तोंड विहिरीएवढं उघडं. तो फोटो बघून कुणालाही कळलं असतं. आंधळ्यालाही कळलं असतं.

"मलाबी दावा की," आत्याबाई म्हणाल्या. मी द्यायला नको म्हणून उठत होते, तोवर यांनी फोटो त्यांच्या हातात दिलासुद्धा.

त्या उंबऱ्याशी उजेडाला गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, पदर सरकला होता.

"ह्यो कुरड्यांच्या दिशीचा ना?"

"हां, माय."

"मी वरडून राह्यलेली हाय ना ह्यात?"

"हां."

मग त्यांनी बोट फोटोतल्या माझ्या चेहऱ्यावर ठेवलं आणि उचललं. माझ्याकडे मात्र बघितलं नाही. मी मनात बोचकं बांधायला घेतलं होतं, शहागडची एसटी सकाळी किती वाजता असते ते आठवत होते. आत्याबाईंनी फोटो लेकाला परत केला.

"कापून टाक मला," त्या म्हणाल्या. "लई वंगाळ दिसून राह्यलंय माझं तोंड."

यांनी माझ्या शिवणाच्या कात्रीनं तिथंच आत्याबाईंना कापलं आणि तो तुकडा चुलीत टाकला. स्टुडिओवाल्यानं सांगितलं म्हणून कापलं, की त्यांनाही दिसलं होतं म्हणून, हे मला आजतागायत माहीत नाही. पुढच्या रोलपासून मात्र ते कॅमेरा खाली घेऊन, माझ्याकडे बघून सांगायचे आणि मगच डोळ्याला लावायचे. स्टुडिओवाल्यानंच तसं सांगितलंय म्हणाले. त्या माणसाला मी कधी भेटले नाही, त्यामुळे खरंखोटं करायला जागा नव्हती. फोटो मोठा होऊन भिंतीवर लागला. पाहुणे म्हणायचे, सून किती शांत स्वभावाची दिसते.

पण त्या संध्याकाळनंतरची सकाळ मला सांगायची आहे. हे फार्मवर गेले होते. मी चुलीपुढं बसून भाकरी थापत होते, दाराकडे पाठ. कधी निघायला सांगतील, या विचारानं रात्रभर डोळा लागला नव्हता. खांद्यावर हात पडला तशी मी दचकले. आत्याबाई दुखरे गुडघे दाबत चुलीला वळसा घालून पलीकडे गेल्या, अगदी माझ्या समोर, आणि पाटावर टेकल्या. त्यांनी तोंडातली तंबाखू राखेत थुंकली. पदरानं ओठ पुसले आणि पदर खांद्यावर टाकला. दोन वर्षांत मी त्यांचं तोंड असं पूर्ण, समोरून पहिल्यांदा बघत होते. खालचा एक दात पडलेला होता.

"मेंढरू असतीस तर पयल्याच दिशी वळखलं असतं," त्या सावकाश म्हणाल्या. "सुनंच्या कानाकडं कोण बघतं, माय?"

मला रडूच कोसळलं. त्यांनी मला पोटभर रडू दिलं. मग माझ्या हातावर चापट मारून मला वर बघायला लावलं.

"रांडं, भाकर जळून राह्यली," त्या म्हणाल्या. त्यांचा शब्द न् शब्द मला कळला.