दर दसऱ्याला ऐकायची सीडी

प्रभाकरभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत सहावीच्या चित्रांना मार्क देत होते. फोन ठेवला आणि मनात पहिला विचार आला तो सांगायलाही लाज वाटते : आता माझ्या सीडीचं काय? भाऊंना हे कळलं असतं तर पोट धरून हसले असते...

नागभीडला स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. आधी रेडिओ दुरुस्त करायचे. मी चित्रकलेची बाई, आणि त्या काळी घरच्या कॉम्प्युटरवर एक छोटी ॲनिमेशन फिल्म करायचं वेड माझ्या डोक्यात शिरलेलं. गोष्ट माझ्या बाबांची. त्यांनी जन्मभर बोडीत, म्हणजे आमच्याकडच्या लहान तळ्यात, मासे धरले. तिथल्या एका बिलंदर मरळ माशाची गोष्ट ते फार रंगवून सांगत. ती मी त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड केली आणि दोन वर्षं शाळेतून आल्यावर एकेक चित्र काढत बसले. मध्येच बाबांना लकवा झाला आणि बोलणं गेलं. त्यांचा आवाज उरला तो फक्त त्या कॉम्प्युटरमध्ये.

आणि मी काय करावं? दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा करायची म्हणून, घर सारवून घ्यावं तसा तो आधी 'साफ' करून घेतला! शेजारच्या एका हुशार गृहस्थांनी फॉरमॅट मारून नवं विंडोज टाकून दिलं. मी हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, हात जोडून मशीन चालू केलं... फिल्मचं फोल्डरच नाही. बाबा समोर खाटेवर होते. त्यांच्याकडे बघवेना.

माळेसकट तो डबा रिक्षात घालून मी भाऊंकडे गेले. त्यांनी माळ बाजूला ठेवली.

"बाई, विंडोज टाकल्यावर याच्यात अजून काही भरलं का?"

"नाही."

"मंग रडून काऊन राह्यल्या? फायली गेल्या नाई, त्याईचे पत्ते गेले. आता चालू नोका करू. वरून नवीन काही लिहिलं तं मंग खरंच गेल्या."

त्यांनी हार्ड डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली. शोध तीन दिवस चालला. सापडलेल्या फायलींना नावं नव्हती, नुसते आकडे. मी माशाच्या शेपटीवरून चित्रं जुळवत बसले. भाऊ आवाजाच्या फायली एकेक उघडत होते. लग्नाची गाणी, खरखर, पुन्हा गाणी... आणि एकदम बाबा! "आयक वं पोरी, आपल्या बोडीत एक मरळ होती..." मी दुकानातच ओक्साबोक्शी रडले. इतकं हलकं मला नंतर कधी वाटलं नाही. काही चित्रं आलीच नाहीत, ती मी पुन्हा काढली. चित्रं पुन्हा काढता येतात.

भाऊ तेवढ्यावर सोडणारे नव्हते. "तुमच्या घरी धानाची सगळी बिजाई एकाच जागी ठेवता का?" आमच्या घरी बियाण्याचं थोडं धान बहिणीकडेही असायचं, एका घरी कीड लागली तरी दुसरीकडचं वाचायचं. "मंग या डब्ब्यावरच एवढा भरवसा काऊन?" त्यांनी तीन सीड्या काढल्या. एक मला, एक राजुऱ्याच्या माझ्या बहिणीला, एक त्यांच्या दुकानात बिस्किटाच्या डब्यात. "अन् दर दसऱ्याले लावून आयकाची. नुसती ठेवून काही होत नाई."

मी दोनच दसरे ऐकली, मग आळस. माझ्या सीडीवर ओरखडे पडले, कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला, राजुऱ्याची सीडी घर बदलताना हरवली. दरम्यान बाबाही गेले.

भाऊंची तेरवी झाल्यावर मी दुकानात गेले. वहिनींनी बिस्किटाचा डबा पुढे केला. "हे तुमचं. दर दसऱ्याले लावत, मलेही बसवत." कव्हरवर भाऊंच्या अक्षरात एकाखाली एक वर्षं, प्रत्येकापुढे एकच शब्द : ऐकली. एकदा तर जुनी खराब व्हायच्या आधी त्यांनी नवी सीडीही काढली होती, तेही तिथेच लिहिलेलं. शेवटची ओळ गेल्या दसऱ्याची.

आम्ही दोघींनी भाऊंच्याच मशीनवर ती लावली. बाबा स्वच्छ बोलले. मी तिथेच तीन नव्या सीड्या काढल्या आणि त्यातली एक वहिनींच्या हातात ठेवली. दसरा अजून लांब होता. तरी भाऊंच्या ओळीखाली मी यंदाचं वर्ष घातलं आणि पुढे लिहिलं : ऐकली.