फोनमधले चौकोन

आज फोनवर नवा ब्राउझर आल्याची सूचना दिसली आणि प्राची आठवली. ती जांब्याला, आमच्या गावी, आमच्या एका खोलीत भाड्याने राहायची. नव्या ब्राउझरमध्ये जुनी पानं नीट उघडतात का, हे तपासायचं तिचं काम.

एकदा मी मेथी निवडत बसले होते. तिने माझ्या फोनवर एक मराठी पान उघडलं. "काकू, वाचून सांगा ना." हात पदराला पुसून पाहिलं, तर नुसते चौकोन. मी चौथी शिकलेली. वाटलं, ही शिकलेल्यांची अक्षरं असतील.

"डोळं दुखत्यात गं," म्हणाले.

तिने फोन पाहिला. "अहो काकू, इथे अक्षरंच नाहीत! चूक ब्राउझरची आहे, तुमची नाही."

तेव्हा मी नुसती हसले. त्याआधी शेत विकताना न कळणारा कागद पुढे आला, तेव्हाही मी डोळ्यांनाच दोष दिला होता आणि सही केली होती.