गिळण्याचा अंदाज

धाराशिवच्या डॉक्टरांनी तुकडा तपासणीचा रिपोर्ट वाचला आणि माझ्याकडं न बघता मालकांना सांगितलं, "जिभेच्या मुळाशी कॅन्सर आहे." मी शेजारीच बसले होते. गेले काही महिने घास अडकत होता, कान ठणकत होता. सास्तूरच्या अंगणवाडीत पोरांना गाणी सांगताना आवाज जड येई. सर्दी समजून मी काढे पीत होते.

उपचार सोलापूरला सुरू झाले. ऑपरेशन न करता रेडिएशन, म्हणजे किरणांचा शेक, आणि जोडीला केमोचं सलाईन. तिथल्या डॉक्टर मॅडमनी कॉम्प्युटरवर माझ्या मानेचं रंगीत चित्र दाखवलं. कानाखाली पॅरोटिड, म्हणजे लाळेच्या ग्रंथी असतात. त्यातली उजवी वाचणार नव्हती. तोंड कोरडं पडेल, चव जाईल, गिळायला त्रास होईल. पण काही महिन्यांत जेवण सुरू होईल असं त्यांचा हिशोब सांगत होता. माझ्या लेकीनं, रेखानं विचारलं, नक्की का?

"अंदाज आहे. अशा पुष्कळ पेशंटवरून काढलेला. तुमच्या आईचं नेमकं काय होईल, ते मला सांगता येणार नाही."

आम्ही जेवण सुरू होईल एवढंच ध्यानात ठेवलं.

शेक देताना जाळीचा मुखवटा घालून डोकं टेबलाला जखडतात. ते सोसलं. पुढं म्युकोसायटिस झाला, म्हणजे तोंडाची आतली कातडी सोलवटली. पाण्याचा घोट निखाऱ्यासारखा लागायचा. नाकातून नळी घातली. शेक संपले, कातडी भरून आली, गिळणं काही आलं नाही. व्यायाम केले. चमचाभर पेज घेतली तरी श्वासनलिकेत जाऊन ठसका लागायचा. शेवटी पोटात नळी बसवली. ती अजून आहे.

पुढच्या स्कॅनमध्ये कॅन्सर दिसला नाही. मालकांनी बाहेर बाकड्यांवरच्या सगळ्यांना पेढे वाटले. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "आता तरी हास की. लोक ह्या बातमीसाठी तरसत्यात."

"जगले, ते कळतंय मला," मी म्हटलं. "पर चुलीपुढं बसवत न्हाय आता. वास येतो, अन् पोटात नळीनं दूध जातं."

त्यांनी पेढ्याचा पुडा मिटून पिशवीत ठेवला.

मॅडमनी लपवलं काही नव्हतं, त्यांचे उपकार मानते. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी अंदाज ऐकून घ्यावा आणि लगेच विचारावं, तसं नाही झालं तर काय? आम्ही ते विचारलं नाही.

पेढे वाटले त्याच दिवशी शेजारच्या बाकावर लोहाऱ्याकडची एक बाई होती. तिचा मुखवटा नुकताच बनवला होता. माझी नळी बघून तिनं विचारलं, "नंतर भाकरी खाता येती का वो?"

खोटं बोलायला जीभ वळली असती.

"मला न्हाय येत," मी म्हटलं. "तुमास्नी येईल बी."

तिनं माझा हात धरला. नाव पुकारेपर्यंत सोडला नाही.