नारळ, बूट आणि पेरूखालचं पाणी

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू विज्ञान शिकवायचीस, तरी तुला उलगडलं नाही असं काही आहे का?" मी हसून विषय बदलला. पण अंगणातल्या विहिरीवर आता लोखंडी जाळी बसतेय, तेव्हा उत्तर लिहूनच टाकते.

लग्न होऊन मी बालाघाटला आले तेव्हा घरी विहीर नव्हती. पाणी दोन गल्ल्या पलीकडून यायचं. सासूबाईंचे गुडघे धरले आणि घागरी माझ्याकडे आल्या. त्याच उन्हाळ्यात मला मुलींच्या शाळेत नोकरी लागली. सासऱ्यांनी सरळ सांगितलं, "शाळा उघडेपर्यंत घरी पानी लागलं तं जाय. नाही तं पानी कोन भरन?"

त्यांनीच खैरलांजीकडचा एक पाणाड्या, जमिनीखालचं पाणी शोधणारा, बोलावला. म्हातारा सायकलवर आला, चपला काढल्या आणि तळहातावर नारळ आडवा ठेवून अंगणभर फिरला. पेरूच्या झाडाखाली नारळ टुणकन उभा राहिला.

"इथंच हाय."

मी वही उघडली. डोळ्यांना पंचा बांधून त्याला पुन्हा फिरवलं. पुन्हा पेरू. तिसऱ्यांदा जागेवरच गरगर फिरवून सोडलं, तरी पेरूच.

"काहून छळून राह्यली बुढ्याले?" सासूबाई ओट्यावरून ओरडल्या.

पण मला कारण सापडलं होतं. न्हाणीचं पाणी पेरूकडे वाहायचं. अनवाणी तळव्यांना ओल कळत असणार. तुमचे आजोबा उकव्याच्या खाणीत नोकरीला, रविवारी घरी यायचे. त्यांचे घरी पडलेले खाणीतले जुने बूट मी म्हाताऱ्याच्या पायांत चढवले.

"बाई, ह्याच्यात तं माहे पायच सापडत नाही, पानी कुठून सापडन?"

नारळ ढिम्म. वहीत मी ठसठशीत लिहिलं: बूट घातल्यावर नाही. सासऱ्यांना पटवलं आणि अंगणाच्या उताराच्या कोपऱ्यात, मी दाखवलेल्या जागी खोदाई सुरू झाली. अठरा हातांवर काळा दगड लागला. पाण्याचा थेंब नाही. शाळा उघडायला बारा दिवस राहिले.

"पेरूखाली खोदा," शेवटी मीच म्हटलं.

"वहीले इचारलं का?" सासरे म्हणाले.

"हौ," मी म्हटलं. त्या घरात मी पहिल्यांदाच 'हो'ऐवजी त्यांच्यासारखं 'हौ' म्हटलं आणि सासूबाई खुदकन हसल्या.

नवव्या दिवशी, चौदा हातांवर झरा फुटला. मी शाळेत रुजू झाले.

न्हाणीच्या सांडपाण्याने विहीर भरत नाही, एवढं मलाही कळतं. मग तळव्यांना नेमकं काय कळलं? पुढे मी स्वतः अनवाणी फिरून पाहिलं. नारळ दोनदा पायावर पडला. वहीतला 'कारण' हा रकाना कोराच राहिला.

पेरू कधीच वाळून गेला. विहिरीला अजून पाणी आहे, आणि वही माझ्या कपाटात वरच्या खणात आहे.