कटरे ताईंचा रिकामा इनबॉक्स

कटरे ताईंचा त्या आठवड्यात रोज फोन येत होता. त्या स्क्रीनवरचं इंग्रजी एकेक शब्द सुटा करून वाचून दाखवायच्या, मी इकडून उपाय सांगायची आणि कुठलाच उपाय लागू पडायचा नाही.

"युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट, असं म्हणून राहिला हा," त्या म्हणाल्या. "वैशाली, प्रायव्हेट नाही म्हणजे काय? घरात तर मी एकटीच आहो."

मी एका तांदूळ कंपनीच्या गोंदियाच्या ऑफिसात आयटी सपोर्टचं काम करते. कोणाचा प्रिंटर अडला, कोणाचा पासवर्ड गेला, कोणाचा मेल उघडत नाही, की फोन माझ्याकडे येतो. पूर्वी आमच्या खोलीत चांगली भरपूर माणसं होती. हळूहळू सगळा विभाग नागपूरला गेला. आता खोलीत मी असते आणि सर्व्हरच्या पंख्याचा आवाज असतो. बहुतेक कामं दुरूनच होतात. माझ्या इथून मी समोरच्याची स्क्रीन हाताळते. कंपनीतल्या माणसांचे आवाज मला पाठ आहेत, चेहरे फारसे माहीत नाहीत.

कटरे ताईंचा चेहरा मात्र माहीत होता. डिस्पॅचचं टेबल त्यांचं. कोणत्या व्यापाऱ्याचा माल कधी निघाला, कोणाच्या पोत्यांत कणी जास्त निघाली, कोणाचा ट्रक कुठे अडकला, हे सगळं त्या मेलवर सांभाळायच्या. केरळ, बंगाल, ओडिशातले व्यापारी त्यांना नावानं ओळखत. त्यांनी मात्र त्यातला एकही माणूस कधी पाहिला नव्हता. नवरा फार वर्षांपूर्वी गेलेला, मुलगी हैदराबादला. गोंदियाला लागूनच असलेल्या कुडव्यात खोली करून राहायच्या. तिथेच पाय घसरून मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि त्या अर्जुनी मोरगावच्या आपल्या घरी गेल्या. शेजारी जाऊ राहते, ती दोन वेळचा डबा आणून देते.

हाड जुळेपर्यंत घरूनच मेलचं काम करते, असं त्यांनी ऑफिसला कळवलं. ऑफिसनं हो म्हटलं. घरी मुलीचा कॉलेजातला जुना कॉम्प्युटर होता, त्यावर मेल काही केल्या उघडेना. दुरून स्क्रीन हाताळायचं सॉफ्टवेअरही जोडलं जाईना. म्हणजे आता प्रत्यक्षच जायला हवं होतं.

नागपूरला आमचे रितेश सर आहेत, त्यांना मी विचारलं.

"मैडम, इतनी दूर किसलिए जाना? आराम करने दो ना उनको," ते म्हणाले.

त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण रोज फोनवर तोच आवाज ऐकल्यावर मला ते पटेना. मी माझी सुट्टी टाकली आणि पॅसेंजरनं अर्जुनीला गेले.

कटरे ताई वॉकर धरून दारात उभ्या होत्या. बऱ्याच बारीक झाल्या होत्या. साडी मात्र ऑफिसात नेसायच्या तशीच, पिन लावून.

"कायले आली वो एवढ्या दूर," त्या म्हणाल्या आणि लगेच आत वळल्या. कॉम्प्युटर त्यांनी आधीच चालू करून ठेवला होता.

त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या. मी पासवर्ड तपासला, बरोबर होता. ब्राउझरची साठलेली माहिती पुसली. इंटरनेट व्यवस्थित होतं. मग सहज खालच्या कोपऱ्यात लक्ष गेलं. तिथे कितीतरी वर्षांपूर्वीची तारीख दिसत होती.

हे थोडं समजावून सांगते. प्रत्येक वेबसाइटकडे एक ओळखपत्र असतं आणि त्याला मुदत असते. कॉम्प्युटर आपल्या घड्याळात बघून ठरवतो, की मुदत चालू आहे की नाही. ताईंच्या कॉम्प्युटरच्या हिशेबानं आमच्या मेलचं ओळखपत्र अजून जन्मालाच यायचं होतं, म्हणून तो आत सोडत नव्हता. माझं सॉफ्टवेअरही त्याच कारणानं अडत होतं. आणि घड्याळ चुकायचं कारण म्हणजे आतला सेल. वीज नसतानाही वेळ चालू राहावी म्हणून मदरबोर्डवर नाण्याएवढा एक चपटा सेल असतो. तो मेला होता. वीज गेली की कॉम्प्युटर पार मागे जाऊन बसायचा.

घड्याळाच्या दुकानात तसा सेल मिळाला. बसवला, तारीख नीट केली, मेलचं पान उघडलं. ताईंनी पासवर्ड स्वतः टाकला, माझ्याकडे पाठ करून. नियमच आहे तसा.

इनबॉक्स उघडला. त्यात त्यांच्या अपघाताच्या दिवसापर्यंतचे मेल होते. त्यानंतर काहीच नव्हतं.

ताईंनी रिफ्रेश केलं. थोडं थांबून पुन्हा केलं.

"अजून येऊन राहिले असतील," मी म्हटलं.

इतके दिवस त्यांना वाटत होतं, की व्यापारी खोळंबले असतील, मेलवर मेल साचले असतील, पाहायला कोणी नाही. रोजचे फोन त्या काळजीचे होते. आता त्या चष्मा काढून पदरानं पुसत बसल्या.

मला ते खरं वाटेना. डिस्पॅचला एक दिवससुद्धा कोरा जात नाही. चहा नको असं सांगून मी अंगणात आले आणि मोबाइलवरून ॲडमिनच्या पानावर गेले. तिथून कंपनीतल्या मेलबॉक्सवर लावलेले रूल मला दिसतात. रूल म्हणजे पोस्टमनला दिलेली कायमची सूचना, की या घरचं टपाल त्या घरी टाक. ताईंच्या मेलबॉक्सवर तसा रूल होता. आलेला प्रत्येक मेल नागपूरच्या एका नव्या टेबलाकडे जात होता आणि इथे त्याची प्रतही राहत नव्हती. रूल नागपूरहून लावलेला होता.

मी रितेश सरांना फोन केला. ते जरा अडखळले, मग बोलले. डिस्पॅचचं काम नागपूरला न्यायचं वरून ठरलं होतं.

"उनको अभी मत बताइए. ठीक होकर आएंगी, तब आराम से बोलेंगे."

मी फोन ठेवला. आतून माउसच्या क्लिकचा आवाज येत होता. त्या अजून रिफ्रेश करत होत्या.

आत गेले आणि त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले.

"ताई, मेल येऊन राहिले. रोज येऊन राहिले. पण ते नागपूरला वळवले आहेत. तुमचं टेबल तिकडे नेणार आहेत."

त्यांनी माउसवरचा हात काढला.

"माझ्याच नावानं येऊन राहिले ना?"

"हो."

"मग झालं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "मी पाठवलेला मेल तर जाईल ना?"

रूल फक्त येणाऱ्या मेलवर होता. जाणाऱ्यावर काहीच नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांनी खुर्ची पुढे घेतली आणि आपल्या सगळ्या व्यापाऱ्यांना एक मेल लिहिला. पाय मोडला आहे, घरी आहे, बरी होत आहे, उत्तरं मिळाली नसतील तर माफ करा. साधं, चार ओळींचं इंग्रजी. खाली नेहमीसारखं नाव. पाठवल्यावर त्या पुन्हा त्याच इनबॉक्सकडे पाहत बसल्या. उत्तरं आली तरी इथे दिसणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. माझी परतीची गाडी होती. निघताना त्यांनी फक्त मान हलवली.

दोन-तीन दिवसांनी रितेश सरांचा फोन आला.

"मैडम, आपने उनको बता दिया क्या?"

"हां सर, बता दिया."

मला वाटलं आता बोलणी बसणार. पण ते शांत होते. ताईंच्या मेलला भराभर उत्तरं आली होती आणि रूलप्रमाणे सगळी नागपूरच्या टेबलावर जाऊन पडली होती. कोणी पायाची चौकशी केली होती, कोणी औषध सुचवलं होतं. केरळच्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं लिहिलं होतं, की हल्ली उत्तरं वेळेवर येतात, पण कटरे मॅडम कुठे गेल्या हे कोणी सांगत नाही. ती उत्तरं त्या टेबलावर नव्यानं बसलेल्या मुलीनं वाचली आणि सरांना नेऊन दाखवली.

"वो रूल हटा दीजिए," सर म्हणाले. "और जो मेल इधर आए, सब उनको भेज दीजिए."

मी लगेच ते केलं. थोड्याच वेळात अर्जुनीहून फोन आला. "आले," एवढंच त्या म्हणाल्या. वाचत असाव्यात. मागून माउसच्या क्लिकचा आवाज येत होता. मग त्यांनीच फोन ठेवला.

टेबल शेवटी नागपूरला गेलंच. ते बदललं नाही. पण तोवरचे काही महिने ताईंनी घरून काम केलं, नव्या मुलीला सगळं शिकवलं, प्रत्येक व्यापाऱ्याशी तिची मेलवर ओळख करून दिली आणि मग स्वतःहून निवृत्ती घेतली. नियमाप्रमाणे त्यांचं खातं मीच बंद केलं. आता त्यांचा फोन येत नाही, यायचं कारणही राहिलं नाही.

या कामातून मी एक गोष्ट शिकले. कोणाचा इनबॉक्स कोरा दिसला, की आधी रूल तपासायचे. बऱ्याचदा मेल आलेले असतात, फक्त दुसरीकडे वळलेले असतात.

परवा दुपारी सहज माझा स्वतःचा इनबॉक्स उघडला. सर्व्हरनं आपोआप पाठवलेल्या सूचना सोडल्या, तर कितीतरी दिवसांत कोणा माणसाचा मेल नव्हता. सवयीनं रूल तपासले. एकही लावलेला नव्हता.