वरून तिसरं बटण

काकू म्हणायची, तिची नजर काजांनी खाल्ली. डॉक्टर म्हणायचे, काचबिंदू. शर्टाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तिने काजं केली. साध्या शर्टांची मशीनवर व्हायची, पण महागाचे शर्ट आले की हातानेच करावी लागायची, आणि ती हमखास काकूकडे यायची. पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा. पन्नाशीला तिला दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, मग बाजूने येणारी माणसं दिसेनात, आणि माझं कॉलेज संपेपर्यंत तिच्यापुढे एक धुरकट झरोका तेवढा उरला.

ती माझ्या बाबांच्या धाकट्या भावाची बायको. बाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. आई बसवर कंडक्टर, पहाटेची पाळी. माझी वेणी, डबा, शाळेत सोडणं, सगळं काकूच्या अंगावर. तिला मूल नव्हतं. त्यावरून कुणी काही बोललं की आई मला पुढे ढकलून म्हणायची, "आहे की, हे काय उभंय!" तीस वर्षं दोघी जावा एका स्वयंपाकघरात वावरल्या आणि भांड्याला भांडं लागलं ते फार तर मीठ किती यावरून. आई तिला 'धाकटे' म्हणायची, ती आईला 'ताई'.

आईला निवडणुकीत उभं केलं ते काकूनेच. कारखान्यात बायकांसाठी एकच संडास होता आणि त्याची चावी मुकादमाच्या खिशात. चावी मागितली की तो सगळ्यांदेखत घड्याळ बघायचा. म्हणून बायका दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. बसच्या डेपोतही तीच कथा. काकूच्या मूत्रपिंडांनी त्याची किंमत मोजली. आई निवृत्त झाली त्या वर्षी आमच्या प्रभागाची निवडणूक लागली, आणि काकू भाजी चिरता चिरता म्हणाली, "ताई, तू उभी राहा."

"माझं डोकं फिरलंय का?"

"फिरलं नाही, तेच चुकलं. तीस वर्षं भरलेल्या बसमध्ये ओरडून माणसं मागे सरकवलीस. आता पालिकेत बसलेल्यांना सरकव."

दहा वर्षं आमच्या प्रभागातून एक ठेकेदार निवडून येत होता. काका त्याच्याच गोदामावर देखरेखीला होते, त्यामुळे घरात ही बातमी फुटली तेव्हा काका ताटावरून उठले. पण वहिनीला तोंडावर नको म्हणायची त्यांची कधी हिंमत झाली नाही. जे काही बोलायचं ते खोलीचं दार लावून काकूला.

महिनाभर काकूच्या पायाला भिंगरी होती. एका हातात माझा दंड, दुसऱ्या हातात पत्रकांची पिशवी. तिला चेहरे दिसत नसत, पण आवाजावरून माणूस ओळखायची. "तू कारखान्यात बाह्या शिवायचीस ना? तुझी सून बाळंत झाली का?" दारं उघडायची. आई दारात गेली की भाषण करायची, आणि काकू गेली की आतून पाण्याचा तांब्या यायचा. एका घरी नवरा म्हणाला, "आमच्या घरातली मतं मी ठरवतो." काकू हसत म्हणाली, "मग तुमच्या घरातली पोटंही तुमचीच दुखत असतील." तो माणूसही हसला, आणि त्याच्या मागे दोन बायका तोंड दाबून हसल्या.

आईला चिन्ह मिळालं छत्री, यंत्रावर तिसऱ्या क्रमांकाला; ठेकेदार पाचव्याला. कारखान्यातून निघालेल्या कितीतरी बायकांची नजर अधू. त्यांच्यासाठी काकूने पुठ्ठ्यावर एकाखाली एक शर्टाची सहा बटणं शिवली. दारोदार तो पुठ्ठा समोर धरायची. "बोट वर ठेवायचं. एक, दोन, तीन. झालं. कुणाला विचारायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही." बायका डोळे मिटून मोजायच्या. मीही मोजून पाहिलं होतं.

मतदानाच्या दिवशी आई सकाळपासून दुसऱ्या शाळेतल्या मतदान केंद्रावर होती आणि मी रिक्षातून म्हाताऱ्या माणसांना आणत होते. काकूला मीच नेणार होते. दुपारी घरी आले तर खोली रिकामी. शेजारीण म्हणाली, "तुझे काका घेऊन गेले की." मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, काका निवळले.

आई दोनशे अठरा मतांनी पडली. निकालानंतर ती घरी आली, चप्पल काढली आणि म्हणाली, "सातशे माणसांनी मत दिलंय गं मला. माझी बस भरली तरी पंचावन्नच मावायची." मग आत जाऊन तिने चहा टाकला. काकू मात्र त्या दिवसापासून मिटली. जेवायला बसली तर घास हातात तसाच. आई तिची समजूत काढायची, "पडले मी आणि सुतक तुला? ऊठ, पुढच्या वेळी बघू." तसं म्हटलं की काकू आणखीच आक्रसायची.

आठवड्याने ती मला म्हणाली, "मला निवडणुकीच्या ऑफिसात ने. ताईला सांगू नकोस."

ऑफिसात एक तरुण कारकून फायलींच्या गठ्ठ्यांना सुतळ्या बांधत बसला होता. काकूने चाचपत टेबलाची कड धरली. "साहेब, माझं मत चुकीच्या ठिकाणी पडलंय. ते बदलून मिळेल का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काकूकडे.

"आजी, पडलेलं मत परत काढता येत नाही. कुणाचं कुठे गेलं ते आम्हालाही कळत नाही."

"मला कळतं ना," काकू म्हणाली.

मग तिथेच, त्या परक्या पोरापुढे, तिने सांगितलं. ज्याला दिसत नाही त्याला मत द्यायला सोबत कुणालातरी नेता येतं. काकांनी दारातच सांगितलं, मी नवरा, मी मदत करतो. पडद्याआड त्यांनी तिचं बोट हातात घेतलं. "वरून खाली नेलं. एक, दोन. तिसऱ्यावर आलं होतं, साहेब. तिसऱ्यावर माझं बोट होतं. मग ते पुढे सरकलं. पाचव्यावर दाबलं."

"तुम्ही ओरडायचं होतंत, आजी. तिथे मॅडम बसल्या होत्या, पोलीस होता."

"हो," काकू म्हणाली. "ओरडायचं होतं."

कारकुनाच्या हातातली सुतळी थांबली. त्याने तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्याच्या हातात त्यापलीकडे काहीच नव्हतं. काकू ग्लासभर पाणी प्यायली आणि जाताना त्याला म्हणाली, "तुमचा वेळ घेतला."

त्याच संध्याकाळी आई तिच्या डोळ्यांत औषध घालायला बसली. रोज दोनदा आईच घालायची. काकूचं डोकं आईच्या मांडीवर होतं. थेंब पडायच्या आधीच तिचे डोळे भरलेले बघून आई म्हणाली, "हे काय?" आणि काकूने सगळं सांगितलं. मी दारात उभी होते.

 आईने बाटलीचं झाकण लावलं. मग तिने विचारलं, "त्याने बळजबरी केली?"

"जोर नाही केला. नुसतं धरलं होतं."

"मग हात ओढून घ्यायचास."

"ताई, ते कानात म्हणाले, माझी नोकरी जाईल, म्हातारपणी तुला दारोदार फिरवू का? माझा आवाजच फुटला नाही गं."

आईने अलगद तिचं डोकं मांडीवरून उचलून उशीवर ठेवलं. "महिनाभर मी परक्या बायकांना सांगत फिरले, घाबरू नका म्हणून," ती म्हणाली, "आणि माझ्या घरातलीच..." ते वाक्य तिने पुरं केलं नाही. उठून गेली. त्या वेळचं औषध मी घातलं.

आईने आकांडतांडव केलं असतं तर बरं झालं असतं. काकांशी तरी भांडायला हवं होतं. त्यांच्याशी ती पहिल्यासारखीच बोलत राहिली, कारण त्यांच्याकडून तिची कसली अपेक्षाच नव्हती. काकूचं पथ्यपाणी, दवाखाना, थेंब, सगळं वेळच्या वेळी करायची. फक्त 'धाकटे' ही हाक बंद झाली. "औषध घे." "पाय पुस." "जेवण वाढलंय." काकू प्रत्येक वेळी मान वर करून क्षणभर थांबायची, पुढे आणखी एखादा शब्द येतोय का म्हणून.

दोन वर्षं असंच चाललं. मग तिच्या मूत्रपिंडांनी हात टेकले. शेवटचे तीन आठवडे ती इस्पितळात होती आणि आई तिच्या उशाशी. शेवटच्या दिवशी तिला शुद्ध नव्हती तेव्हा आई तिच्या कानाशी वाकून हाका मारत होती. "धाकटे. अगं धाकटे." बसमध्ये शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज. शेजारच्या खाटांवरची माणसं उठून बसली. नर्स म्हणाली, "बाई, हळू, त्यांना आता ऐकू येत नाही."

पुढची निवडणूक लागली तेव्हा कारखान्यातल्या बायका आईकडे आल्या. चाळीसेक होत्या, जिन्यात उभ्या राहिल्या होत्या. आईने सगळ्यांना पाणी दिलं आणि नाही म्हणाली. फार आग्रह झाला तेव्हा म्हणाली, "तिचं मत दुसऱ्याने हिसकावलं. मीही तिलाच शिक्षा केली. माझ्यासाठी एवढं फिरलेल्या बाईला जिने असं वागवलं, तिला तुम्ही मत देऊ नका."

 शेवटी त्यांच्यातलीच काजांवर काम करणारी एक तरुण विधवा निवडणुकीला उभी राहिली. तिच्यासाठी मी रोज दारोदार जाते. ज्या घरात नजर गेलेली बाई असेल तिथे मी जरा जास्त थांबते आणि सांगते, सोबत कोण हे तुम्ही ठरवायचं, कुणी नको असेल तर तेही तुम्हीच सांगायचं, मोठ्याने. बहुतेक जणी मान डोलावतात. काल एकीने आधी आतल्या खोलीकडे कान दिला, आणि मग मान डोलावली.

आई प्रचाराला येत नाही. मी निघाले की ती दारापर्यंत येते आणि माझ्या हातात पाण्याची बाटली देते.