पायाला पाय शिवला तेव्हा

"हाड जोडू, पण त्याच्यावर झाकायला काही उरलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. पट्टी सोडलेली होती. मी मान उचलली आणि नडगीच्या जागी मला माझंच हाड दिसलं. पांढरं, ओलं. मग मी छताकडेच बघत राहिले.

मी थळची, मासळी विकते. काशीदला हॉटेलात माल उतरवताना उतारावरचा टेम्पो मागे सरकला आणि माझा डावा पाय चाकाखाली गेला. अलिबागहून मला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं.

डॉक्टरांनी फ्लॅप हा शब्द सांगितला. म्हणजे कातडी, खालची चरबी आणि तिला रक्त पुरवणाऱ्या शिरा, असा अख्खा तुकडा जखमेवर आणून बसवायचा. नुसती कातडी उघड्या हाडावर धरत नाही. पण माझ्या डाव्या पायात धड रक्तवाहिनी एकच उरली होती. लांबचा तुकडा आणून तिला जोडायला गेलं, तर तीही जायची. म्हणून क्रॉस-लेग फ्लॅप. उजव्या पोटरीचा तुकडा तीन बाजूंनी सोडवून डाव्या नडगीवर शिवायचा. चौथी बाजू देठासारखी पोटरीलाच. तुकडा रुजेपर्यंत, साधारण तीन आठवडे, दोन्ही पाय एकमेकांना जखडलेले.

"नाही केलं तर?"

"हाड सडेल. मग गुडघ्याखाली पाय काढावा लागेल."

नवरा कानाशी आला. "चांगल्या पायाला हात लावू द्यायचा न्हाय. एक तरी राहू दे."

मलाही तेच वाटत होतं. माझी थोरली जाऊ मालती खाटेच्या पायाशी उभी होती. तिने डॉक्टरांना विचारलं, "त्यो चांगला पाय पुन्हा चालंल ना? एवढंच सांगा."

"चालेल. खड्डा राहील, डाग राहील. पण चालेल."

मी हो म्हटलं. धीर आला म्हणून नाही. पाय काढण्याची भीती जास्त मोठी होती.

शुद्धीवर आले तेव्हा दोन्ही पाय बाहेरून सळ्यांनी बांधलेले. कूस बदलता येईना. अंग पुसण्यापासून बेडपॅनपर्यंत सगळं मालतीने केलं. सिस्टर येऊन फ्लॅप बोटाने दाबायची. दाबला की फिका, सोडला की गुलाबी झाला पाहिजे. कल्ला उघडून मासळी ताजी का शिळी सांगणारी मी, स्वतःच्या मांसाकडे बघायला धजत नव्हते. सिस्टरचं तोंड बघायचे.

एका सकाळी तिने दोनदा दाबलं आणि डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी रक्त येतं का बघायला सुई टोचली, ताण कमी करायला दोन टाके सोडले आणि म्हणाले, "बघू."

ते गेल्यावर मी मालतीचा पदर ओढला.

"खरं सांग."

"कडेला काळं हाय जरा. मधे गुलाबी हाय."

कड मेली, ती नंतर काढली. मधला भाग तगला. मग देठाला रबर आवळून बघितलं, तुकडा नव्या जागेचं रक्त घेतो का. त्या वेळी मी मालतीचा हात इतका दाबला की तिची बांगडी माझ्याच तळव्यात रुतली. तुकडा गुलाबीच राहिला. देठ कापला, पाय सुटे झाले, पण गुडघे सरळ होईनात. व्यायामाच्या वेळी मी वॉर्डभर ओरडले.

तुमच्यावर ही वेळ आली, तर कळेपर्यंत विचारा. आणि तंबाखू बंद, मिश्रीसुद्धा. तिने बारीक शिरा आकसतात, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं.

परवा तपासणीला गेले, तर डॉक्टरांनी मला वॉर्डात नेलं. उरणकडचा एक ट्रक ड्रायव्हर तिथे होता. पाय माझ्यासारखाच चेंगरलेला, आणि ऑपरेशनला नाही म्हणत होता. मी साडी वर घेऊन नडगी दाखवली.

त्याने विचारलं, "हात लावला तर कळतं?"

"न्हाय कळत."

"आणि भीती?"

"ती हाय अजून."

त्याच्या बायकोने माझ्या नडगीकडे पाहिलंच नाही. मी निघाले तशी तिची नजर माझ्या पावलांवर होती. म्हणून दारापर्यंत मी भिंतीला हात न लावता चालले.